गुणवत्ता यादीविना प्रवेश

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशपद्धतीवर एक खटला बॉस्टनच्या संघीय न्यायालयात चालला आणि एरवी कुलूपबंद राहणारी आकडेवारी त्यातून बाहेर आली. २०१५ साली दाखल होणाऱ्या तुकडीत जागा होत्या सुमारे १,६००. अर्जदारांपैकी एसएटी परीक्षेच्या भाषा विभागात पैकीच्या पैकी गुण मिळवलेले विद्यार्थी सुमारे २,७०० होते, गणितात पैकीच्या पैकी मिळवलेले तीन हजारांहून जास्त होते आणि शालेय श्रेणींची सरासरी सर्वोच्च असलेले आठ हजारांहूनही अधिक. नुसत्या पूर्ण गुणवाल्यांना घ्यायचे म्हटले असते तरी जागा पुरल्या नसत्या.

दर वर्षी मार्चअखेर निकाल लागले, की न्यू जर्सीतल्या एडिसनपासून पुण्यातल्या कोथरूडपर्यंत अनेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो: एसएटीत १६०० पैकी १५८० मिळवलेल्या मुलीला नकार आणि तिच्याहून कमी गुणांच्या मुलाला प्रवेश, हे कसे? भारतात अशी कोंडी फोडण्याची रीत ठरलेली आहे. परीक्षा आणखी अवघड करायची आणि दशांश चिन्हापुढची घरे वाढवायची. जेईई मेनचे पर्सेंटाइल दशांशानंतर सात घरांपर्यंत काढले जाते, ते बरोबरीत सुटणाऱ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून. अमेरिकेतील निवडक विद्यापीठांनी दुसरी वाट धरली. गुण एका टप्प्यापर्यंत पाहायचे आणि त्यापुढे विद्यार्थ्याची नववी ते बारावीची सगळी फाइल वाचायची. त्यामुळे तिथे हायस्कूलमधील तयारी म्हणजे एका परीक्षेची तयारी नसते. ही फाइल चार वर्षे हळूहळू भरत जाते, आणि तिच्यातली काही पाने मागाहून भरताच येत नाहीत.

निवडक म्हणजे किती?

अमेरिकेत पदवी देणाऱ्या संस्था चार हजारांच्या घरात आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य संस्था निम्म्याहून जास्त अर्जदारांना घेतात. ‘निवडक’ हे विशेषण शंभरेक नावांना शोभते. त्यांच्याही शेंड्यावर हार्वर्ड, स्टॅनफर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, कॅलटेक अशी मोजकी नावे आहेत. तिथे अलीकडे शंभर अर्जदारांमागे तीन ते पाच जणांना प्रवेश मिळतो.

हे प्रमाण इतके खाली येण्याचे कारण विद्यार्थी एकाएकी हुशार झाले असे नाही. १९७५ मध्ये १५ महाविद्यालयांनी मिळून ‘कॉमन ॲप्लिकेशन’ नावाचा सामाईक अर्ज सुरू केला. आज हजाराहून अधिक संस्था तो स्वीकारतात आणि एक विद्यार्थी त्यातून वीस ठिकाणी अर्ज करू शकतो. जागा जवळपास तेवढ्याच राहिल्या, अर्ज मात्र अनेक पटींनी वाढले. प्रमाण घसरले, म्हणून धास्ती वाढली; धास्तीपोटी प्रत्येकाने आणखी अर्ज केले, आणि प्रमाण पुन्हा घसरले. टक्केवारी पाहून घाबरणाऱ्या पालकांनी हे गणित ध्यानात ठेवले पाहिजे. एकाच विद्यार्थ्याचे पंधरा अर्ज पंधरा संस्थांच्या आकड्यांत वेगवेगळे मोजले जातात.

फाइलचे पहिले पान: शाळेची प्रगतिपत्रके

अमेरिकन हायस्कूल नववी ते बारावी असे चार वर्षांचे असते. आपल्या दहावी-बारावीसारखी बोर्डाची सार्वत्रिक परीक्षा तिथे नाही. प्रत्येक विषयाला शिक्षक वर्षभराच्या गृहपाठ, चाचण्या आणि प्रकल्पांवरून श्रेणी देतात. चार वर्षांच्या सगळ्या श्रेणींचा उतारा म्हणजे ‘ट्रान्स्क्रिप्ट’ आणि त्यांची सरासरी म्हणजे ‘जीपीए’. ही सरासरी बहुधा ४ पैकी मोजतात. कठीण पातळीच्या विषयांना जादा वजन देणाऱ्या शाळांत ती ४च्याही वर जाते.

बोर्ड नसल्यामुळे एका शाळेतला ‘ए’ दुसऱ्या शाळेतल्या ‘ए’च्या तोडीचा असेलच असे नाही. ही अडचण विद्यापीठे दोन प्रकारे सोडवतात. एक म्हणजे प्रत्येक शाळा अर्जासोबत स्वतःची माहिती देणारे एक-दोन पानांचे पत्रक पाठवते, त्याला ‘स्कूल प्रोफाइल’ म्हणतात. शाळेत कोणते वरच्या पातळीचे विषय शिकवले जातात, श्रेणी कशा वाटल्या जातात, किती विद्यार्थी पुढे शिकायला जातात, हे सारे त्यात असते. दुसरे म्हणजे श्रेणीइतकेच महत्त्व विषयाच्या काठिण्याला दिले जाते. सोपे विषय घेऊन मिळवलेला सलग ‘ए’ हा अनुभवी वाचकाच्या नजरेतून सुटत नाही.

काठिण्याचे सर्वांत ओळखीचे माप म्हणजे ‘एपी’ अभ्यासक्रम. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पातळीचा विषय शाळेतच शिकवला जातो, मे महिन्यात देशभर एकच परीक्षा होते आणि १ ते ५ पैकी गुण मिळतात. काही शाळांत त्याऐवजी ‘आयबी’ हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम असतो. मात्र किती एपी घेतले हा आकडा एकट्याने काही सांगत नाही. ज्या शाळेत असे वीस विषय उपलब्ध आहेत तिथल्या मुलाने पाच घेतले, आणि जिथे तीनच आहेत तिथल्या मुलीने तिन्ही घेतले, तर दुसरी फाइल जास्त वजनदार ठरते. समोर असलेल्या संधींपैकी किती उचलल्या, हे मोजले जाते.

गणिताची गोष्ट जरा सविस्तर पाहण्याजोगी आहे, कारण घोळ तिथेच होतो. अमेरिकन शाळेत गणित एका ठरलेल्या क्रमाने शिकवतात: बीजगणित भाग एक, भूमिती, बीजगणित भाग दोन, कलनपूर्व गणित आणि मग कलन, म्हणजे कॅल्क्युलस. या पाच पायऱ्या आहेत आणि हायस्कूलची वर्षे चार. अभियांत्रिकी किंवा भौतिकशास्त्राकडे जाऊ पाहणाऱ्या मुलाच्या बारावीच्या उताऱ्यात कॅल्क्युलस असावे अशी निवडक विद्यापीठांची अपेक्षा असते. त्यासाठी पहिली पायरी आठवीत, म्हणजे हायस्कूलच्या आधीच चढलेली असावी लागते; नाहीतर पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत एखादा विषय उरकावा लागतो किंवा एका वर्षात दोन विषय घ्यावे लागतात. तेरा वर्षांच्या मुलाला कोणत्या वर्गात बसवले, याचा परिणाम असा सतराव्या वर्षी दिसतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी सर्वांना एकत्र पुढे न्यावे या हेतूने २०१४ मध्ये आठवीतले बीजगणित बंद केले. पालकांचा रोष इतका टिकून राहिला, की दहा वर्षांनी शाळामंडळाने ते परत आणण्याचा निर्णय घेतला. आठवीच्या वर्गातला एक विषय एवढा वादाचा मुद्दा का होतो, ते या पाच पायऱ्यांवरून कळते.

सरकारी विद्यापीठांचे नियम अधिक उघड असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे शाखांसाठी ठरावीक गटांतले किमान १५ वार्षिक विषय पूर्ण करावे लागतात. त्यांत इंग्रजीची चार वर्षे, गणिताची तीन, इतिहास, प्रयोगशाळेतले विज्ञान आणि दुसरी भाषा यांची प्रत्येकी दोन, कलेचे एक आणि एक ऐच्छिक विषय असतो. कलेचे ते एक वर्ष राहून गेले म्हणून अडकणारे हुशार विद्यार्थीही असतात. टेक्सासने तर १९९७ मध्ये कायदाच केला: आपापल्या शाळेतल्या वरच्या दहा टक्क्यांना राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत थेट प्रवेश. ऑस्टिनच्या मुख्य विद्यापीठावर इतका ताण आला, की तिथली मर्यादा पुढे दहा टक्क्यांच्या खाली आणावी लागली. गुणवत्ता यादीच्या सर्वांत जवळ जाणारी पद्धत अमेरिकेत हीच, पण तीही शाळेशाळेची यादी आहे, राज्याची नाही.

एसएटीचे जाणे आणि परतणे

एसएटी ही परीक्षा वर्षातून अनेकदा होते आणि पुन्हापुन्हा देता येते. भाषा ८०० आणि गणित ८०० असे १६०० गुण. २०२४ पासून ती सगळीकडे संगणकावर घेतली जाते. अमेरिकेबाहेर हा बदल एक वर्ष आधी झाला. वेळ २ तास १४ मिनिटे. प्रत्येक विभागाचे दोन भाग असतात आणि पहिल्या भागात विद्यार्थ्याने काय केले त्यावरून दुसऱ्या भागाचे प्रश्न सोपे किंवा अवघड येतात. पहिल्या भागातली निष्काळजी चूक त्यामुळे महाग पडते. याच धर्तीची एसीटी ही दुसरी परीक्षाही सर्वत्र चालते.

करोनाच्या काळात परीक्षा केंद्रे बंद पडली आणि बहुतेक विद्यापीठांनी एसएटी ऐच्छिक केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने तर ती पाहणेच सोडून दिले आणि ते अजूनही तिचे गुण विचारात घेत नाही. इतरांचे पाय मात्र मागे वळले. २०२२ मध्ये एमआयटीने परीक्षा पुन्हा सक्तीची केली. २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक यांनीही तसेच जाहीर केले. डार्टमथमधल्या संशोधकांना आपल्याच अर्जांत एक विचित्र गोष्ट आढळली. साध्या शाळांतून आलेले, कमी उत्पन्नाच्या घरांतले काही विद्यार्थी आपले गुण कमी समजून ते पाठवतच नव्हते, आणि पाठवले असते तर त्यांचा फायदा झाला असता. ज्या शाळेत बहुतेकांची मजल हजाराच्या आसपास थांबते, तिथल्या मुलाचे १४०० हे वाचणाऱ्याच्या डोळ्यांत भरतात. परीक्षा काढून टाकल्याने गरिबाचे भले होईल हा समज निदान तिथे तरी उलटा ठरला. अर्थात १५२० वरून १५६० वर जाण्यासाठी चौथ्यांदा परीक्षेला बसणे म्हणजे सुट्टी वाया घालवणे, हेही तितकेच खरे.

उरलेली पाने

कॉमन ॲप्लिकेशनमध्ये वर्गाबाहेरच्या कामांसाठी दहा रकाने असतात आणि प्रत्येकात वर्णनासाठी फक्त १५० अक्षरे. दहा रकाने आहेत म्हणून दहाही भरलेच पाहिजेत, हा गैरसमज घराघरांत आहे. भारतीय वंशाच्या वस्त्यांत व्हायोलिन, कराटे, रोबोटिक्स, वादविवाद आणि एका स्वयंसेवी संस्थेची ‘स्थापना’ असा एक ठोकळा तयार झाला आहे. एकाच परिसरातून तो तीसदा आला, की वाचणाऱ्याला तीसही जण सारखे दिसू लागतात. एकाच कामात तीन-चार वर्षे राहून जबाबदारी वाढत गेली असेल, तर त्याची छाप अधिक पडते. आठवीत रविवारच्या मराठी शाळेत शिकणारी मुलगी अकरावीत तिथेच लहान मुलांना शिकवू लागली, बारावीत तिने नवा पाठ्यक्रम तयार केला, हे अशा कामाचे चांगले उदाहरण. दुकानातली नोकरी आणि घरच्या माणसांची देखभाल यांनाही या यादीत रीतसर स्थान आहे. शाळा सुटल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळणारा मुलगा त्या रकान्यात तेच लिहितो, आणि त्याने तेच लिहावे अशी अपेक्षा असते.

निबंधाची मर्यादा ६५० शब्दांची. त्याखेरीज बहुतेक निवडक विद्यापीठे स्वतःचे छोटे प्रश्न देतात. कॅलिफोर्निया विद्यापीठात आठपैकी चार प्रश्नांना प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तरे द्यायची असतात. निबंधात कर्तृत्वाची यादी पुन्हा लिहिली तर जागा फुकट जाते, कारण ती रकान्यांत आलेली असते. हा विद्यार्थी विचार कसा करतो, हे निबंधातून कळायला हवे. चाळिशीतल्या सल्लागाराने लिहिलेले वाक्य सतरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी बसत नाही. दिवसाकाठी कित्येक निबंध वाचणाऱ्याला ते ओळखायला फार वेळ लागत नाही.

शिफारसपत्रे मात्र विद्यार्थ्याच्या हातात नसतात. साधारण दोन पत्रे विषयशिक्षकांची आणि एक शाळेच्या समुपदेशकाचे लागते. शिक्षक शक्यतो अकरावीत मुख्य विषय शिकवलेले निवडतात, कारण त्यांची आठवण ताजी असते. विद्यार्थी शिफारस वाचण्याचा हक्क बहुधा आधीच सोडून देतो. ‘वर्गात नियमित, वर्तन उत्तम’ असे पत्र निरुपद्रवी असते आणि निरुपयोगीही. वर्गातल्या एखाद्या चर्चेत मुलाने कोणता प्रश्न विचारला हे सांगणारे पत्र कामी येते, आणि तसे पत्र हवे असेल तर तो प्रश्न खरोखर विचारलेला असावा लागतो. समुपदेशकांची अडचण वेगळी आहे. एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी असावेत अशी त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस असली, तरी सरकारी शाळांत हा आकडा बराच ओलांडला जातो. महागड्या खासगी शाळेतला समुपदेशक मोजक्याच मुलांची पत्रे लिहितो. ही विषमता पद्धतीतच आहे.

बंद खोलीत काय चालते

अर्ज आधी त्या-त्या भूभागाची जबाबदारी असलेल्या प्रवेश अधिकाऱ्याकडे जातो. त्याला तिथल्या शाळा ओळखीच्या असतात. तो फाइल वाचून वेगवेगळ्या अंगांना आकडे देतो. हार्वर्डमध्ये अभ्यास, वर्गाबाहेरची कामे, खेळ आणि व्यक्तिमत्त्व अशा अंगांना १ ते ६ आकडे दिले जातात आणि १ हा सर्वोत्तम, हे खटल्यातून उघड झाले. मग प्रादेशिक समितीत चर्चा होते आणि शेवटी सुमारे चाळीस जणांच्या पूर्ण समितीत मतदान. प्रवेशासाठी बहुमत लागते.

या टप्प्यावर निवड एकेका विद्यार्थ्याची राहत नाही, तुकडीची होते. संगीत नाटक मंडळी बांधणारा मालक गळा चांगला म्हणून पाच नायक घेत नाही. त्याला खलनायक लागतो, विनोदी नट लागतो, ऑर्गनवाला आणि तबलजी लागतो. गेल्या मोसमात तबलजी सोडून गेला असेल, तर यंदा मध्यम तबलजीलाही उत्तम गायकाच्या आधी बोलावणे येते. विद्यापीठालाही वाद्यवृंदात बासरीवाला हवा असतो, ग्रीक शिकणारे चार जण हवे असतात, दूरच्या ग्रामीण राज्यांतून कोणीतरी हवे असते. संगणकशास्त्रासाठी आलेल्या हजारो तुल्यबळ अर्जांतून काही घेतले आणि काही सोडले गेले, तर त्याचे कारण पुष्कळदा नाकारलेल्याच्या फाइलमध्ये नसतेच. म्हणूनच ‘नेमके कुठे कमी पडलो?’ या प्रश्नाला विद्यापीठे उत्तर देत नाहीत.

या मोकळिकीचा इतिहास फारसा स्वच्छ नाही. १९२०च्या दशकात परीक्षेच्या जोरावर हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थी वाढू लागले, तेव्हा अध्यक्ष लॉवेल यांच्या कारकिर्दीत ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ हे निकष पुढे आले, आणि त्यांचा एक हेतू ज्यूंची संख्या रोखणे हा होता. शंभर वर्षांनी याच व्यक्तिमत्त्वाच्या आकड्यात आशियाई वंशाच्या अर्जदारांना कमी लेखले जाते, असा आरोप वरच्या खटल्यात झाला. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास बंदी घातली. दुसरे झुकते माप मात्र कायम राहिले. संघातले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, देणगीदारांशी संबंधित नावे आणि प्राध्यापकांची मुले हे सगळे मिळून अर्जदारांत पाच टक्क्यांच्या आसपास असतात आणि प्रवेश मिळालेल्यांत तीस टक्क्यांच्या आसपास, असे हार्वर्डचेच आकडे सांगतात. एमआयटी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना सवलत देत नाही. कॅलिफोर्नियाने खासगी विद्यापीठांतली अशी सवलत कायद्याने बंद केली आहे. २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या प्रवेश घोटाळ्यात तर श्रीमंत पालकांनी लाच देऊन आपल्या मुलांना खेळाडू म्हणून दाखवले होते. अंधार जिथे असतो तिथे असे दरवाजे निघतातच.

अंधार थोडा कमी करणारा एक कागद सर्वांना मोफत मिळतो आणि फार थोडे पालक तो उघडतात. बहुतेक विद्यापीठे दर वर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे आकडेवारीचे पुस्तक प्रसिद्ध करतात. त्यातल्या एका तक्त्यात श्रेणी, विषयांचे काठिण्य, परीक्षेचे गुण, निबंध, मुलाखत, माजी विद्यार्थ्याचे नाते अशा प्रत्येक बाबीपुढे ‘अतिमहत्त्वाचे’पासून ‘विचारात नाही’पर्यंत खूण केलेली असते. सल्लागाराला हजारो डॉलर देण्याआधी हा तक्ता वाचणे शहाणपणाचे.

लवकर अर्ज करण्याचा सौदा

नियमित अर्जाची मुदत साधारण १ जानेवारीला संपते, निकाल मार्चअखेर लागतो. त्याआधी १ नोव्हेंबरच्या सुमारास एक फेरी होते आणि तिचे प्रकार नीट समजून घ्यावे लागतात. ‘अर्ली डिसिजन’ बंधनकारक असते: असा अर्ज एकाच ठिकाणी करायचा आणि प्रवेश मिळाला तर तिथेच जायचे. ब्राउन, कॉर्नेल, पेन्सिल्वेनिया अशी विद्यापीठे ही पद्धत वापरतात. ‘अर्ली ॲक्शन’मध्ये निकाल लवकर लागतो, पण बंधन नसते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांनी मधली वाट काढली आहे. बंधन नाही, मात्र त्या फेरीत इतर खासगी विद्यापीठांत लवकरचा अर्ज करायचा नाही.

बंधनकारक फेरीत प्रवेशाचे प्रमाण नियमित फेरीपेक्षा जास्त दिसते. विद्यापीठाला त्यातून खात्री मिळते. नियमित फेरीत दोन हजारांना होकार दिला तर त्यातले किती येतील याचा अंदाजच बांधावा लागतो. इथे होकार दिलेला प्रत्येक जण येणार हे ठरलेले असते. विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर किंमत पैशांत मोजावी लागते. चार ठिकाणांची आर्थिक मदत समोर ठेवून तुलना करण्याची सोय राहत नाही. ज्या घरात फी हा प्रश्नच नाही, त्या घराला हा सौदा सोपा जातो.

चौकट: चार वर्षे एका नजरेत
नववी: विषयांची पायाभरणी. गणिताची पायरी तपासावी. श्रेणी इथपासून उताऱ्यात येतात.
दहावी: जमतील तितके वरच्या पातळीचे विषय. वर्गाबाहेरचे एखादे काम धरून ठेवावे.
अकरावी: सर्वांत वजनदार वर्ष. ऑक्टोबरमध्ये पीएसएटी (एसएटीची पूर्वचाचणी), वसंतात एसएटी, मे महिन्यात एपी. वर्ष संपण्याआधी शिक्षकांना शिफारसपत्राबद्दल विचारावे.
उन्हाळा: निबंधाचा कच्चा मसुदा, विद्यापीठांची यादी, खर्चाचा अंदाज.
बारावी: नोव्हेंबर आणि जानेवारीच्या मुदती. पहिल्या सहामाहीच्या श्रेणीही विद्यापीठाकडे जातात.

पैसा कोण भरतो

नामांकित खासगी विद्यापीठात राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च आता ऐंशी-नव्वद हजार डॉलरच्या घरात जातो. पण छापील फी आणि प्रत्यक्षात भरावी लागणारी रक्कम यांत मोठा फरक असतो. श्रीमंत विद्यापीठे कुटुंबाचे उत्पन्न पाहून गरजेइतकी मदत देतात. २०११ पासून प्रत्येक विद्यापीठाला आपल्या संकेतस्थळावर खर्चाचे गणकयंत्र ठेवणे सक्तीचे आहे. उत्पन्नाचे आकडे भरले की अंदाज मिळतो. हे काम अकरावीतच करावे, निकालानंतर नव्हे.

‘नीड-ब्लाइंड’ म्हणजे प्रवेश ठरवताना मदतीची गरज न पाहणारे विद्यापीठ. अमेरिकन नागरिकांसाठी अशी विद्यापीठे बरीच आहेत, परदेशी अर्जदारांसाठी थोडी: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट, डार्टमथ, बोडन ही त्यांतली काही. बाकी ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली, की प्रवेशाची शक्यता घटते.

अमेरिकेतच वाढलेल्या अनेक मराठी मुलांना इथे एक गाठ लागते. वडील किंवा आई एच-१बी व्हिसावर, ग्रीन कार्डची रांग लांबलेली आणि मूल एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर. बालवाडीपासून न्यू जर्सीत शिकलेले हे मूल संघराज्याच्या मदतीचा अर्ज करू शकत नाही आणि मदतीच्या बाबतीत कित्येक विद्यापीठे त्याला परदेशीच धरतात. राज्याच्या विद्यापीठात स्थानिक फी लागू होते की नाही, हे राज्याराज्यावर अवलंबून असते. शिवाय वयाची एकवीस वर्षे पूर्ण झाली की एच-४ संपतो आणि स्वतःचा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो. अशा घरांनी विद्यापीठांची यादी करतानाच प्रत्येक ठिकाणचा नियम लेखी विचारून घेतलेला बरा.

महाराष्ट्रातून अर्ज करताना

नववी ते बारावी अशी सलग चार वर्षांची फाइल ही कल्पनाच राज्य मंडळाच्या रचनेत बसत नाही. दहावीनंतर शाळा सुटते, अकरावीला कनिष्ठ महाविद्यालय नवे, आणि अर्जाच्या वेळी तिथल्या शिक्षकांची ओळख जेमतेम सव्वा वर्षाची. विद्यार्थी ‘इंटिग्रेटेड’ महाविद्यालयात असेल, म्हणजे नाव एकीकडे आणि दिवसभर क्लासमध्ये, तर त्याला जवळून ओळखणारा महाविद्यालयीन शिक्षकच नसतो. समुपदेशक तर बहुतेक ठिकाणी नसतातच. ते पत्र आणि महाविद्यालयाची माहिती देणारे पत्रक प्राचार्यांकडून लिहून घ्यावे लागते. जुन्या शाळेतून नववी-दहावीच्या सही-शिक्क्याच्या गुणपत्रिका, अकरावीचा निकाल आणि बारावीचे अपेक्षित गुण, असा संच जमवावा लागतो. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आणि निकाल मे महिन्यात, म्हणजे अर्जाच्या मुदतीनंतर. त्यामुळे चाचण्या आणि सहामाही यांचे गुण अपेक्षेचा आधार ठरतात. पूर्वपरीक्षा फुटकळ समजणाऱ्यांना हे नडते.

जेईईची तयारी आणि हा अर्ज एकाच वर्षात ओढणे फार जणांना झेपत नाही. जेईईच्या अभ्यासातून आलेली गणित-भौतिकशास्त्राची पकड वाया जात नाही, पण जेईईच्या क्लासचे तास हे ‘वर्गाबाहेरचे काम’ म्हणून मांडता येत नाहीत. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र भारतातल्या विज्ञान ऑलिंपियाडचे प्रशिक्षण चालवते. त्या मार्गाने पुढे गेलेल्या विद्यार्थ्याची ओळख मात्र तिकडच्या प्रवेश अधिकाऱ्यांना करून द्यावी लागत नाही. शिक्षणाचे माध्यम मराठी असेल तर टोफेल किंवा आयईएलटीएससारखी इंग्रजीची परीक्षा बहुधा द्यावी लागते.

निकालानंतर

निकाल तीन प्रकारचे असतात: होकार, नकार आणि प्रतीक्षा यादी. लवकरच्या फेरीत चौथा प्रकारही असतो, अर्ज नियमित फेरीत ढकलण्याचा. होकार आलेल्या ठिकाणांपैकी एकाला १ मेपर्यंत उत्तर आणि अनामत रक्कम द्यायची असते. किती जण खरोखर येत आहेत हे त्यानंतर विद्यापीठाला कळते आणि जागा उरल्या तर प्रतीक्षा यादी हलते. या यादीला क्रमांक नसतात. तुकडीत ज्याची उणीव राहिली असेल, त्याला बोलावणे येते. त्यामुळे प्रतीक्षा यादीवर असतानाही दुसरीकडची अनामत भरून ठेवतात.

होकार सशर्त असतो. बारावीचा अंतिम उतारा जून-जुलैत पाठवावा लागतो आणि श्रेणी फार घसरल्या असतील, तर विद्यापीठ खुलासा मागते आणि क्वचित प्रवेश रद्दही करते. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मंडळाची बारावीची गुणपत्रिका या उताऱ्याचे काम करते. ती पोहोचली की फाइल बंद होते आणि मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासातल्या व्हिसाच्या तारखेचा शोध सुरू होतो.